नोझल चेक एकदम क्लीन, तरी फोटोत पांढऱ्या रेषा: मालवणच्या एका स्टुडिओचं प्रकरण

इंकजेट प्रिंटरच्या फोटोत पांढऱ्या रेषा आल्या की आपल्याकडे सगळ्यांचं औषध एकच, हेड क्लीनिंग मार. नाही गेल्या तर अजून एक मार. मालवणच्या ज्या स्टुडिओबद्दल लिहितोय तिथे हेच चाललं होतं, आणि त्या क्लीनिंगनं काही होण्यासारखं नव्हतंच, कारण हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग, चोक नव्हतं. शाई गेली, वाया शाई शोषणारं पॅड भरत आलं आणि वर नळ्यांत हवा शिरली ती वेगळीच. रिपेअरिंगला असे प्रिंटर बरेच येतात पण ह्यात एकावर एक तीन कारणं बसली होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्टुडिओ बाजारपेठेतल्या आतल्या गल्लीतला. काम नेहमीचंच, पासपोर्ट, शाळेचे फोटो, ४ बाय ६, आणि फ्रेममध्ये घालायला ए४. सीझनला पर्यटकांचे किल्ल्यासमोरचे ग्रुप फोटो लगेच काढून द्यायचे. पाऊस लागला की किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, मग ॲडमिशनची गर्दी सोडली तर प्रिंटर प्लास्टिकखाली झाकून पडलेला. प्रिंटर म्हणजे जुना सहा रंगांचा कार्ट्रिजवाला, त्याला बाजूने सीआयएसएस बसवलेली, म्हणजे बाहेर सहा टाक्या आणि तिथून पातळ नळ्यांनी शाई आत हेडपर्यंत. काळा, सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), पिवळा आणि शिवाय फिकट छटेचे लाइट सायन, लाइट मॅजेंटा. नवीन मशीन घ्यायला स्टुडिओवाल्या दादांना जड नाही, पण ह्याचा स्किन टोन नव्याला येत नाही असं ते म्हणतात आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटतं.

श्रावणात त्यांचा फोन. "मेल्या, गणपती तोंडार इले आणि ह्या मशीन बघ, आभाळात पट्टे मारता."

मी म्हटलं दादा, आता कुठलंच बटण दाबू नका, आधी नोझल चेक, म्हणजे हेडची छिद्रं उघडी आहेत का ते दाखवणारा टेस्ट प्रिंट, काढून मला त्याचा फोटो पाठवा आणि खराब आलेला प्रिंटही पाठवा. नोझल चेक आला तो शाळेच्या पुस्तकात छापावा इतका सुंदर, सहाही रंगांच्या बारीक पायऱ्या पूर्ण, एक तुकडा कुठे तुटलेला नाही. आणि खालोखाल आलेला प्रिंट बघतो तर किल्ल्यावरच्या आभाळात आडव्या पांढुरक्या पट्ट्या, समुद्रात त्याहून जास्त. दादांचा पुतण्या दुकान बघतो, त्यानं तोवर क्लीनिंग किती वेळा मारली होती ते त्यालाही सांगता येईना.

इथे बरेच जण गोंधळतात. नोझल चेक चांगला म्हणजे हेड चांगलं, मग रेषा येतात म्हणजे बोर्ड गेला, मशीन बदला. तसं नाहीये. ह्या जातीच्या हेडला एका रंगाची ९० छिद्रं असतात आणि बारीकातला बारीक थेंब दीड पिकोलिटरचा. नोझल चेकला प्रत्येक छिद्र एक छोटीशी रेघ मारतं आणि संपलं, त्याला शाई लागते ती नावापुरती. म्हणजे छिद्र उघडं आहे एवढंच तो सांगतो, मागून शाई येत राहील की नाही ते सांगत नाही. घरातला नळ क्षणभर सोडून बंद केला तर पाइपातलं पाणी येतंच, वर टाकीत काय आहे ते बादली भरायला लावली की कळतं. ए४ चा फुल आभाळवाला फोटो म्हणजे ती बादली.

दुसऱ्या दिवशी कुडाळहून गेलो. पाऊस असा की दुकानात शिरेपर्यंत बॅग भिजली. पुतण्या क्लीनिंगच्या बटणावर बोट ठेवूनच बसलेला.

पहिल्यांदा रेषेची दिशा बघायची, ही सवय मी कुणालाही लावतो. इंकजेटमध्ये हेड डावी-उजवीकडे पळतं आणि कागद पुढे सरकतो, त्यामुळे छिद्र बंद असेल किंवा शाई कमी पडत असेल तर रेघ हेडच्या वाटेनं पडते, कागदाला आडवी. कागद ज्या दिशेनं बाहेर येतो त्या दिशेनं उभी रेघ असेल तर ते प्रकरणच वेगळं, रोलरचा डाग, कागदावर ओरखडा, किंवा हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापतं तेव्हाची अलाइनमेंट बिघडलेली. डाय-सबचा प्रिंटर असेल, लग्नात जागेवर फोटो देतात तो, तर त्यात हेड हलतच नाही, कागदाच्या पूर्ण रुंदीचं थर्मल हेड असतं आणि त्यावर एक कचऱ्याचा कण बसला की प्रत्येक फोटोत त्याच जागी उभी पांढरी रेघ. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसलं की बहुतेक वेळा जाते, पुसूनही नाही गेली तर हेडचा तेवढा ठिपका जळालाय, मग हेडच बदलायचं. असो, इथे रेषा आडव्या होत्या.

मग रंग. हे बघायला भिंग लागत नाही, नीट उजेड लागतो. ग्रुप फोटोतल्या काकूंची गडद हिरवी साडी ठणठणीत, केस काळेभोर, किल्ल्याचा तट ठीक, आणि आभाळ, समुद्राचा उथळ भाग, चेहरे एवढ्याच ठिकाणी पट्टे. चेहऱ्यावरचे पट्टे किंचित हिरवट, आभाळातले गुलाबीकडे झुकलेले. फिकट भाग हे मशीन मुख्यतः लाइट सायन आणि लाइट मॅजेंटानं भरतं. लाइट मॅजेंटा कमी पडला की कातडी हिरवट दिसते, लाइट सायन कमी पडला की आभाळाचा निळा उतरतो. म्हणजे संशयित दोन, बाकी चौघांना सोडून दिलं.

नंतर तोच फोटो ए४ वर लागोपाठ काढायला लावला, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं नंबर. पुतण्या म्हणाला, "शाई फुकट जाईल." म्हटलं क्लीनिंगला गेली त्याच्या मानानं काहीच नाही. पहिला प्रिंट वरपासून खालपर्यंत स्वच्छ. दुसऱ्याचं आभाळ छान आणि खाली समुद्राशी येईपर्यंत बारीक पट्टे सुरू. तिसऱ्यात आभाळापासूनच, आणि समुद्र तर नुसता पट्ट्यापट्ट्यांचा. मग आम्ही चहा घेतला, समोरच्या दुकानदारानं त्याच्या लेझर प्रिंटरची रडकथा सांगितली, बराच वेळ गेला आणि मग काहीही क्लीनिंग न मारता चौथा काढला. वरचा अर्धा पुन्हा स्वच्छ!

हे बघितल्यावर मला दुसरं काही तपासायची गरज वाटली नाही. चोक झालेलं छिद्र चहा प्यायल्यानं उघडत नाही. थांबल्यावर सुधारतं आणि छापत गेलं की बिघडतं म्हणजे शाईचा पुरवठा अडतोय, हेडला उपास पडतोय. पुतण्या इतके दिवस क्लीनिंग मारायचा, लगेच नोझल चेक काढायचा, तो चांगला यायचा, मग फोटो काढायचा आणि पट्टे. त्याला वाटायचं क्लीनिंग लागू पडतंय पण कमी पडतंय. क्लीनिंगमध्ये पंप जोरानं शाई ओढतो म्हणून हेडपाशी तात्पुरती शाई जमायची, एवढंच.

आता पुरवठा कुठे अडतो. टाक्या प्रिंटर ज्या टेबलावर आहे त्याच पातळीवर हव्यात, खाली ठेवल्या तर हेडला शाई वर ओढायला जड जातं आणि वर ठेवल्या तर हेडमधून गळते. इथे पातळी बरोबर होती. नळ्यांची पट्टी झाकणाखाली दबते का बघितलं, हेड हातानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून बघितलं, कुठे घडी नव्हती. मग टाक्यांकडे वळलो.

सीआयएसएसच्या प्रत्येक टाकीला वर दोन तोंडं असतात. एक मोठं, शाई भरायचं, त्याला रबरी बूच. दुसरं छोटं, हवा आत जायला, त्यावर बोटाच्या पेराएवढा फिल्टर. टाकीतून जेवढी शाई जाते तेवढी हवा त्या छोट्या तोंडातून आत यायला हवी, नाहीतर आत ओढ तयार होते आणि शाई निघायचीच थांबते. माझा पहिला संशय असा की भरताना छोट्या तोंडाला लावलेलं बूच काढायचं राहिलं असेल, हे मी शंभरदा बघितलंय. पण बूच कुठेच नव्हतं. फिल्टर बघितले. चार पांढरेशुभ्र आणि दोन, कुठले ते सांगायलाच नको, एक निळसर आणि एक गुलाबी. लाइट सायनचा काढून बोटानं दाबला तर आत वाळलेल्या शाईचा कडक थर. तोंडाला लावून फुंकला, हवा जाईना.

फिल्टरपर्यंत शाई पोचली कशी? पुतण्याला विचारलं भरतोस कसा. म्हणाला मोठं बूच काढतो आणि बाटलीनं ओततो. बरोबर, आणि छोटं तोंड? ते तसंच. तिथेच घोळ. मोठं बूच लागलेलं असताना छोट्या तोंडाखालच्या बारीक कप्प्यात शाई खाली असते, टाकी भरलेली असली तरी. मोठं बूच उघडलं की दोन्हीकडे हवेचा दाब सारखा होतो आणि त्या कप्प्यात शाई चढते, टाकी गळ्यापर्यंत भरली तर थेट फिल्टरला जाऊन लागते. म्हणून आधी छोट्या तोंडाला बूच, मग मोठं उघडायचं, खुणेपर्यंतच भरायचं, मोठं घट्ट बंद करायचं आणि मगच छोटं मोकळं करायचं. क्रम उलटा झाला की फिल्टर बाद. लाइटचे दोन रंग फोटोच्या कामात सगळ्यात आधी संपतात, ते सारखे भरले जातात, म्हणून त्यांचेच फिल्टर गेले, आणि गळ्यापर्यंत भरायची सवय कारण "पावसात सारखी बाटली कोण मागवत बसणार".

दोन्ही फिल्टर काढून बाजूला ठेवले आणि परत लागोपाठ प्रिंट. पट्टे गेले, निदान मोठे पट्टे तरी. फिल्टर धुवून वापरता येतो का असं दादांनी विचारलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून बघता येतं, पण आतली जाळी एकदा शाईनं भरली की पूर्वीसारखी हवा सोडेल ह्याची गॅरंटी मी देत नाही, आणि नवीन फिल्टर चहा-भज्यांच्या पैशात येतो. माझ्या बॅगेत होते ते लावले. बिनफिल्टरचं ठेवू नका, धूळ आत जाते, आणि मालवणात पावसाळ्यात चिलटं पण जातात, टाकीत पोहणारं चिलट मी स्वतः चिमट्यानं काढलंय.

पण लाइट मॅजेंटात अजून अधूनमधून एखादी बारीक रेघ येत होती, जागा बदलत बदलत. जागा बदलणारी रेघ म्हणजे बहुतेक हवा. टॉर्च मारून नळ्यांची पट्टी बघितली तर पाच नळ्या गच्च भरलेल्या आणि गुलाबी नळीत मधेच दोन-तीन पारदर्शक तुकडे, हेड सरकलं की तेही पुढेमागे होतायत. ही मात्र त्या क्लीनिंगची देणगी. मागून टाकी शाई सोडत नाही आणि पुढून पंप ओढतोय, मग जिथे जोड जरा सैल असेल तिथून हवा ओढली जाते. कार्ट्रिजच्या खालच्या तोंडाला सुई नसलेली सिरिंज घट्ट लावून हळूहळू ओढायचं, हळूहळू म्हणजे खरोखर हळू, घाईनं ओढलं तर फेस होतो आणि नवीन हवा येते. हवेचे तुकडे सिरिंजमध्ये येऊन नुसती शाई यायला लागली की थांबायचं. मग रात्रभर मशीनला हात लावायचा नाही, राहिलेले बारीक बुडबुडे आपापले वर येतात. पुतण्याला हे सगळ्यात अवघड गेलं. हात न लावणं.

त्या रात्री मालवणातच थांबलो, सकाळी प्रिंट काढले. मोठे पट्टे नाहीत, हलणाऱ्या रेषा नाहीत, आणि तरी उजेडात तिरकं धरलं तर अख्ख्या फोटोवर सारख्या अंतरावर फिकट आडव्या रेघा. फुटपट्टी लावली, अंतर सगळीकडे एकच. सारख्या अंतरावर आणि सगळ्या रंगांत असेल तर शाईला सोडा, कागदाचं सरकणं किंवा सेटिंग बघा. कॉम्प्युटरवर प्रिंटरची सेटिंग्ज, म्हणजे ड्रायव्हर, उघडला. पेपर टाइप प्लेन, क्वालिटी नॉर्मल, हाय स्पीड चालू. ट्रेमध्ये ग्लॉसी फोटो पेपर! पुतण्याचं लॉजिक असं की प्लेन ठेवलं की शाई कमी लागते. लागते ना, त्यात खोटं काही नाही, पण प्लेन सेटिंगला हेड एका पट्ट्यावरून कमी वेळा फिरतं, साध्या कागदावर शाई पसरते म्हणून दोन फेऱ्यांमधला सांधा भरून येतो, ग्लॉसीवर थेंब जागच्या जागी बसतो आणि सांधा दिसतो. फोटो पेपर ग्लॉसी, क्वालिटी बेस्ट फोटो, हाय स्पीड बंद, आणि एकदा हेड अलाइनमेंट. प्रिंटला वेळ जास्त लागतो, रेघा गेल्या. शाई वाचवायची म्हणून प्लेन सेटिंग आणि मग रेषा जाव्यात म्हणून बाटल्या क्लीनिंगला, हा हिशोब मला आजवर कुणी समजावून सांगितलेला नाही.

कागदाचं थोडं सांगायला हवं कारण कोकणात हे होणारच. पाकीट फोडून उघडंच कपाटात ठेवलेलं, वरचे दहा-बारा कागद कडेनं वाकलेले. हे प्रिंटर साधारण २० ते ८० टक्के दमटपणात चालावेत असं गृहीत धरून केलेले असतात, आपल्याकडे जुलै-ऑगस्टात हवा त्याच्या वर असते. कोटिंग ओलावा धरतं, कडा उचलते, हेड तिला घासतं आणि कडेला काळपट ओरखडे येतात, लोक म्हणतात हेड लीक झालं. त्यांच्या काही प्रिंटवर तेही होतं. राहिलेले कागद झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवले, लागतील तेवढेच बाहेर काढायचे. आणि प्रिंट निघाला की लगेच फ्रेमच्या काचेखाली घालू नका, पंख्याखाली मोकळा राहू द्या, डाय इंक ह्या हवेत सावकाश वाळते, काचेला चिकटला तर सोडवताना फोटोच जातो. लॅमिनेशनलाही तेच.

विजेचा मुद्दा दादांनीच काढला, की लाइट सारखी जाते त्यानं हे झालं का. ह्या वेळेला नाही, पण होऊ शकतं. छापता छापता लाइट गेली की हेड मधेच कुठेतरी उघडं राहतं, काम पूर्ण झालं किंवा बटणानं बंद केलं तरच ते उजवीकडे जाऊन रबरी कॅपवर बसतं. तसंच रात्रभर उघडं राहिलं की सकाळी खरोखरचं चोकअप, नोझल चेकमध्ये पायऱ्या तुटलेल्या, आणि त्या तुटलेल्या पायऱ्या दर वेळी त्याच जागी. त्याला क्लीनिंग लागू पडतं, एक मारा, बघा, फार तर दुसरं, नाहीतर कॅपवर डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकून हेड त्यावर रात्रभर भिजवा. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर इंकजेट बिनधास्त जोडा, लेझर मात्र जोडू नका, तो गरम होताना एकदम इतकी वीज खेचतो की यूपीएस टाकतो मान. आणि हे शाई गरम न करता दाबानं सोडणाऱ्या पिएझो हेडचं सांगतोय, एप्सन, ब्रदरवाले जे वापरतात. कॅनन, एचपीच्या थर्मल हेडला शाई नसताना छापत राहिलात तर आतले हीटर जळू शकतात, तिथे पट्टे दिसले की "अजून चार काढून बघू" हा माझा प्रयोग करू नका.

गणपतीचं काम झालं. चाकरमान्यांचे आरतीचे फोटो, डेकोरेशनचे फोटो, एका घरातल्या जुन्या आजोबांचा मोठा करून दिलेला ब्लॅक अँड व्हाइट, जो खरं म्हणजे सगळ्यात कठीण, कारण राखाडी रंग सगळ्या शाया मिळून बनतो आणि एक जरी कमी पडली तरी आजोबा हिरवे नाहीतर गुलाबी दिसतात. नाही दिसले.

एक गोष्ट राहिलीय. क्लीनिंगला गेलेली शाई हवेत जात नाही, मशीनच्या खाली स्पंजचं वेस्ट पॅड असतं त्यात जाते आणि मशीन त्याचा हिशोब ठेवतं. मी काउंटर वाचला तेव्हा तो शेवटाला आला होता, भरला की लाइटी लुकलुकायला लागतात आणि मशीन छापायलाच नकार देतं. पुतण्याचं म्हणणं सॉफ्टवेअरनं रीसेट मारू, यूट्यूबवर आहे. रीसेटनं आकडा शून्य होतो, स्पंज नाही, आणि मग ती शाई खालून टेबलावर येते. त्यामुळे दिवाळी झाली की खालचा भाग उघडून पॅड बदलायचं, मग रीसेट, असं ठरलंय. तोवर क्लीनिंगचं बटण दाबायच्या आधी मला फोन करायचा, हे दादांनी पुतण्याला माझ्यासमोर सांगितलं.